पहिला दाब मेंढरांना

हणमंता, तुझ्या पिकअपचा ब्रेक काल पहिल्या दाबात लागला. असा लागला की माझं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं आणि मागं हौद्यातली पंधरा मेंढरं एकमेकांच्या अंगावर गेली. कपाळ चोळत खाली उतरलो आणि पहिला विचार आला, हणमंताला सांगायला पाहिजे. मग आठवलं की तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले.

मला तुझा एवढा राग आलाय की तो कुठं काढावा तेच कळेना. गॅरेजात दोन पाने आपटून झाले. बायको म्हणाली, "मेलेल्या माणसावर कुणी चिडतं व्हय?" मी म्हणालो, मी चिडतो. जिवंत होता तवा त्यानं चिडायची सोय ठेवली नव्हती. तिनं नातवाची अर्धी कोरी वही आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "मग हितं चिडा. माझी भांडी नका आपटू." म्हणून लिहायला बसलोय.

तुझा जन्म कुठला, पाहुणेरावळे किती, हे सांगायला तुझी भावकी आहे. दहाव्याला बोललेच सगळे. भला माणूस, देवमाणूस, कुणाला दुखवलं नाही. मी मागं बसून ऐकत होतो. तेव्हा मलाही पटत होतं. आज कुणी तसं बोललं तर उठून म्हणेन, गप बसा, तुमाला म्हाईत न्हाय ह्यो माणूस. दोन वर्षं एक साधं वाक्य ज्याच्या तोंडातून निघालं नाही, तो कसला देवमाणूस?

तुझा बाप लोणी भापकरवरनं मेंढरं चालवत बाजाराला न्यायचा. तू पिकअप घेतलीस, सेकंडहँड, आणि गावोगावच्या धनगरांची मेंढरं गाडीत घालून इंदापूरच्या नाहीतर बारामतीच्या बाजाराला न्यायला लागलास. गाडी घेतलीस त्या दिवशी घरी नेली नाहीस. सरळ माझ्या गॅरेजवर आणलीस. "मिस्त्री, ही आजपासून तुझ्या हातची." तेव्हापासून दरसाल खंडेनवमीला तुझं एकच. लोक आपापल्या दारात गाड्या धुवून पूजा करायचे. तू लोणीवरनं झेंडूची माळ घालून बारामतीला यायचास, माझे पाने पोत्यावर मांडायचास, त्यांना हळद-कुंकू लावायचास आणि नारळ माझ्या हातात द्यायचास. फोड म्हणून. पहिल्या वर्षी मी म्हणालो, अरे शब्बीर मिस्त्रीनं नारळ फोडला तर तुझी भावकी काय म्हणंल? तू म्हणालास, "ज्याच्या हातचा पाना, त्याच्याच हातचा नारळ. गाडी एका हाताची पायजे."

एका हाताची! हे खूळ तू कुठून डोक्यात घेतलं होतंस देव जाणे. इंदापुरात बल्ब गेला तर एका डोळ्याची गाडी बारामतीपर्यंत आणायचास, पण तिथल्या माणसाला हात लावू द्यायचा नाहीस. एकदा सायलेन्सर तुटला, तो सुंभानं बांधून सगळ्या रस्त्याला जागं करत आलास. मी ओरडलो की वर तोंड करून म्हणायचास, "घरचं माणूस असताना दवाखान्यात कशाला जायचं?" मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू. शिव्या द्यायचो आणि चहा सांगायचो.

आता त्या कामाचं. दोन वर्षांमागं तुझ्या मागच्या ब्रेकचे लायनर संपले होते. तुला दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरच्या बाजाराला मेंढरं न्यायची होती, आणि तू माझ्या डोक्यावर बसला होतास. "आटप की मिस्त्री. हातात मेंदी काढलीय का?" माझ्याकडं जो कुणी शिकून गेला त्याला मी पहिली गोष्ट ही सांगितली, की एका वेळी एकच चाक उघडायचं. दुसरं बंद राहू द्यायचं. आतलं काही विसरलं तर बघायला एक बाजू शाबूत पाहिजे. आणि त्या दिवशी मी डावीकडं वाकलेलो असताना उजवीकडचं चाक कुणी खोललं? तू! "मी तेवढं खोलून ठेवतो, तेवढाच तुझा वेळ वाचंल." दोन्ही चाकांचं सामान एकाच घमेल्यात, एकाच रॉकेलमध्ये. मी बोललो तुला. पण मग धुतलं, पुसलं, बसवलं. हजार वेळा केलेलं काम. हात आपोआप चालतात.

त्याच वर्षी बायको चाळिशी कर, चाळिशी कर म्हणून मागं लागली होती. मी पेपर हातभर लांब धरून वाचायचो आणि तिला सांगायचो, मिस्त्रीचे डोळे बोटात असतात.

मग पाच-सहा महिन्यांनी तो चहाचा दिवस. तू गाडी गॅरेजच्या तोंडाशी लावून टपरीवर गेलास. मला आतला ट्रॅक्टर बाहेर काढायचा होता म्हणून मी तुझी पिकअप पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. पेडल गेलं खाली, पार बुडाला टेकलं, आणि गाडी आपली चाललीय. घाबरून पुन्हा दाबलं तेव्हा लागला. तोवर टपरीचं बाकडं आडवं झालं होतं आणि त्यावरचे दोघं उभे होते. तू हातात दोन कप घेऊन शांत उभा. चहा सांडला नाहीस.

"दोनदा दाबायचं असतंय," म्हणालास.

"का? कुणी सांगितलं?"

"पैला दाब मेंढरांना, दुसरा गाडीला. एकदम ब्रेक मारला तर मेंढरं पडत्यात, पाय मोडत्यात. आधी सांगावं लागतंय त्यास्नी."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. ते आठवलं की आता स्वतःचं मुस्काड फोडावंसं वाटतं.

तू म्हणालास राहू दे. मी ऐकतोय होय? माझ्या हातची गाडी आणि पेडल बुडाला? चावी काढून घेतली आणि तीन दिवस गाडी ठेवून घेतली. आधी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. तू वर पेडलवर, मी खाली चाकाशी पालथा. "दाब!" "दाबलं." "धर!" "धरलं." "सोड!" "सोडलं." "अरे धर म्हणल्यावर धर की!" "धरलंच हाय, तूच दोनदा वरडतोस." दोन म्हाताऱ्यांचा तमाशा बघायला एमआयडीसीतनं सुटलेले लोक मोटारसायकली थांबवून उभे राहिले. हवा निघाली नाही, कारण नळ्यांत हवा नव्हतीच. मग मी म्हणालो, नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलेंडरच गेलाय. तू म्हणालास, "बरोबर हाय मिस्त्री."

तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. आयुष्यात कधी मला बरोबर म्हणाला होतास? आज गुरुवार आहे म्हणालो तर कॅलेंडर बघायचास. आणि त्या तीन दिवसांत मी जे म्हणेन त्याला बरोबर हाय, बरोबर हाय. नवा मास्टर सिलेंडर बसवला. तू टायरवर बसून गाडीतल्या टेपवर भजनाची कॅसेट लावून माझ्याकडं बघत होतास. मी म्हणालो, आता मागच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम उघडून बघतो. तेव्हा मात्र तू उठलास. टेप बंद केलास.

"तितलं काम तुझ्या हातचं हाय. तूच तुझ्या हातचं काम तपासाय लागलास, तर लोकांनी कुणाकडं बघायचं?"

झालं! चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर. खरंच की, म्हणालो. शब्बीर मिस्त्रीचं काम काय तपासायचं. चाकामागच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेरूनच लायनर थोडे आवळले, पेडल वर आलं, आणि मी टपरीवर जाऊन छाती काढून सांगितलं, बघा, मास्टर सिलेंडरच होता. तू सगळ्यांसमोर मान डोलावलीस. त्यानंतर तुझी गाडी कधी माझ्या हाताखाली आली तर पेडल कधी वर, कधी खाली. रविवारनंतर आलास तर वर, बाजार करून शुक्रवार-शनिवारी आलास तर खाली. माझ्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी मी तुझ्या पायाला दोष द्यायला लागलो. तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतोस, असं चारचौघांत म्हणालो. त्यावरनं आपण चार दिवस बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. तू येऊन बसायचासच.

शेवटची भेटही त्याच भांडणात गेली. मी म्हणालो, "हणम्या, गाडीत खोट न्हाय, तुझ्या पायात खोट हाय." तू चप्पल घालता घालता म्हणालास, "असंल." आणि गेलास. तीस वर्षांची दोस्ती, आणि तुझा शेवटचा शब्द काय, तर असंल.

तीन दिवसांनी शेजारचा एसटीडी बूथवाला पळत आला. "मिस्त्री, इंदापूर रोडला हणमंताची गाडी..." पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यासमोर फक्त ते पेडल, बुडाला टेकलेलं. मोटारसायकल कशी चालवली ते आठवत नाही. सगळ्या रस्त्यानं एकच म्हणत होतो, या अल्ला, ब्रेकानं नको. दुसरं काय बी असू दे, ब्रेकानं नको.

गाडी लिंबाखाली नीट उभी होती. पत्र्याला ओरखडा नव्हता. मेंढरं हौद्यात उभी राहून ओरडत होती. तू नव्हतास, तुला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. शेतातल्या एका बाईनं सांगितलं, गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, छातीवर हात होता. मागं जाऊन चाकाखाली दगड लावला, मग त्याच चाकाला टेकून बसला. मी बघितलं, खरंच मागच्या चाकाखाली दगड होता. मला वाटलं, डायव्हर माणसाची सवय.

आणि तुला खरं सांगतो, कुणाला सांगितलं नाही ते. तिथं उभा असताना मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. गाडीला काही झालं नव्हतं. ब्रेकानं गेला नाही, माझ्या हातानं गेला नाही. मग रडलो. पण आधी ते वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

तेराव्यानंतर भावकी बसली. गाडी विकून टाका, असं तुझ्या भावाचं म्हणणं. तुझी अलका उठली आणि म्हणाली, "गाडी मी चालवणार." बावीस वर्षांची पोर, तूच शिकवलीस, लायसन काढून दिलंस, आणि बाजाराला घेऊन फिरायचास. भाऊ म्हणाला, मेंढरांच्या गाडीवर पोरगी? लोक काय म्हणतील? तेव्हा अलकाची आई, पार्वतीवहिनी, माझ्याकडं वळली. "शब्बीरभावजी, लोकांचं जाऊ द्या. गाडी पोरीच्या हातात द्यायजोगी हाय का न्हाय, ते तुमी सांगा. तुमी व्हय म्हणला तर बसंल ती, न्हायतर विकून टाकू."

सगळी भावकी माझ्या तोंडाकडं बघतीय. माझ्या डोक्यात ते पेडल. मी म्हणालो, चार दिवस द्या.

गाडी गॅरेजवर आणली. अलका बरोबर आली. मी पुन्हा बॉनेट उघडलं. होय, पुन्हा! गाढवाला दुसरं काय सुचणार? मास्टर सिलेंडरकडं हात गेला तशी ती म्हणाली, "काका, त्यो न्हाय. मागचा ड्रम उघडा."

मी तुझंच वाक्य तिला ऐकवलं. "तितलं काम माझ्या हातचं हाय."

"म्हणूनच म्हणतीय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तुझ्यासारखाच चप्पल घालता घालता बोलावं तसा.

राग गिळला आणि चाक काढलं. चाकामागचं ते भोक, जिथनं स्क्रू ड्रायव्हर घालतात, त्याच्या कडा घासून चकचकीत झालेल्या. वर्ष-दीड वर्षात मी तिथं हात लावला नव्हता. मग कुणी लावला? ड्रम ओढला. आत बोटाएवढा एक स्क्रू असतो, त्याला दात्यांची चकरी. लायनर झिजले की ती चकरी एकेक दात फिरते आणि स्क्रू लांब होतो, म्हणून पेडल वरच राहतं. डाव्या चाकाचा स्क्रू वेगळा, उजव्याचा वेगळा, दिसायला जुळे. त्यांची अदलाबदल झाली तर सगळं उलटं. गाडी मागं घेताना ब्रेक मारला की स्क्रू लांब व्हायच्या ऐवजी मिटत जातो. आणि तुझी गल्ली एवढी अरुंद, की रोज सकाळी सडकेपर्यंत तू गाडी उलटीच काढायचास. दर दाबाला एक दात. ओळखायला त्या स्क्रूवर बारीक अक्षर कोरलेलं असतं. मी तो पुसला, उन्हात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"द्या हिकडं," अलका म्हणाली. "डाव्या चाकात हाय आणि वर आर लिवलंय, काका."

मग उजवं चाक उघडलं. त्यात एल.

मी खाली बसलो. ती माझ्या शेजारी टायरवर बसली, जिथं तू बसायचास. मी म्हणालो, तुझ्या बापाला हे कळलं असतं तर माझी सालटी काढली असती. ती म्हणाली, "आबास्नी म्हाईत होतं."

हणमंता, आता ऐक, तुझ्या पोरीनं काय सांगितलं ते. काम केल्यावर महिन्याभरातच इंदापुरात तुझं मागचं चाक जाम झालं. गाडी हलेना, म्हणून नाइलाजानं तिथल्या मिस्त्रीला ड्रम उघडू दिलास. त्यानं बघताक्षणी सांगितलं, ह्याची अदलाबदल झालीय, कुणी केलं हे काम? तू म्हणालास, मीच केलं घरी. तो म्हणाला, अर्ध्या तासात सरळ करून देतो. आणि तू त्याला म्हणालास, "न्हाय. जाम तेवढा सोडीव आणि हाय तसं बसीव. गाडी एका हाताची हाय."

हाय तसं बसीव! अरे मूर्खा, ब्रेक होता तो! खंडेनवमीचा नारळ नव्हता!

घरी येताना तू अलकाला बजावलंस. "शब्बीरला आता जवळचं दिसत न्हाय. त्याला कळलं ह्यो असा चुकला, तर पाना खाली ठिवंल, पुन्हा उचलायचा न्हाय. तू बोलायचं न्हाईस." आणि तेव्हापासून दर रविवारी तू गाडीखाली आडवा पडून त्या भोकातून चकरी फिरवून पेडल वर आणायचास. बाजारात गुडघा दुखतो म्हणून कण्हायचास आणि रविवारी गाडीखाली! अलकालाही शिकवलंस. आठवडाभर पेडल हळूहळू खाली जायचं. हँडब्रेकची तार त्याच लायनरना जाते, त्यामुळं तोही धरायचा नाही. म्हणून दगड.

"तुमच्यापाई न्हाय लावला काका, उताराला लागतोच," ती घाईघाईनं म्हणाली. माझं तोंड बघितलं असणार तिनं. पण लिंबाखाली उतार कुठं होता? तिथली जमीन ताटासारखी. छातीत कळ येत असताना माणूस पाणी मागतो, हाका मारतो, आडवा होतो. तू मागं चालत गेलास, वाकलास आणि दगड लावलास, कारण माझा ब्रेक धरत नव्हता आणि मागं दुसऱ्यांची मेंढरं होती. तुझं शेवटचं काम ते. माझं राहिलेलं काम केलंस आणि बसलास. त्या चार पावलांनी काही फरक पडला असता का, हे डॉक्टरला विचारायची माझ्यात हिंमत नाही.

का नाही सांगितलंस? एवढंच विचारायचंय मला. मी चिडलो असतो, घमेलं फेकलं असतं, चाक तूच खोललं होतंस म्हणून तुलाच शिव्या घातल्या असत्या. आठ दिवस बोललो नसतो. मग चष्मा केला असता आणि गाडी नीट केली असती. आठ दिवसांचं काम! त्याच्या बदल्यात दोन वर्षं गाडीखाली आडवा पडलास, माझ्या हातनं चांगला मास्टर सिलेंडर काढू दिलास, चारचौघांत पायात खोट आहे म्हणवून घेतलंस, आणि म्हणालास असंल. मला सांभाळत होतास म्हणे. मी काय तुझं मेंढरू होतो?

त्या दिवशी मी अलकाला म्हणालो, पोरी, गाडी एमआयडीसीकडच्या नव्या गॅरेजात ने. तितल्या पोरांचे डोळे चांगले हायत. माझ्या हातचं आता नको. ती उठली, पदराचं टोक खोचलं, आणि पहिल्यांदा आवाज चढवला. "आबानी दोन वर्षं दगड लावला, त्यो काय गाडी दुसऱ्याकडं न्यायला?"

मी गप बाजारात गेलो आणि चाळिशी घेऊन आलो. लावली, स्क्रू हातात धरला. आर. स्वच्छ दिसत होतं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. मला एवढी शरम कधी वाटली नव्हती. मग एक चाक बंद करून दुसरं उघडायचं, अशा रीतीनं पुन्हा सुरुवातीपासून काम केलं. डावं मी बसवलं. उजवं अलकानं बसवलं आणि मी बघितलं.

संध्याकाळी वहिनीकडं गेलो. ओट्यावर बसलो आणि सांगून टाकलं. वहिनी, खोट गाडीत न्हवती, माझ्या कामात होती, दोन वर्षं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय, भावजी."

म्हणजे तुलाही ठाऊक, लेकीलाही ठाऊक, बायकोलाही ठाऊक! सगळ्या घराला! इंदापूरच्या मिस्त्रीलासुद्धा! न्हाय ठाऊक तो एकटा शब्बीर, आणि तो टपरीवर छाती काढून हिंडतोय.

मी म्हणालो, ठाऊक होतं तर भावकीत माझ्या व्हय-न्हायवर कशाला सोडलंत?

तिनं ताट खाली ठेवलं. "चूक न घावताच तुमी व्हय म्हणला असता, तर मी पोरीला बसू दिलं नसतं. आता म्हणा."

मी व्हय म्हणालो. तुझ्या बायकोपुढं तुझं काय चालत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि काल अलका पहिल्यांदा एकटीनं माल घेऊन निघाली. एकटीनं म्हणजे मी शेजारी. गल्लीतनं गाडी उलटी काढली, चार वेळा ब्रेक मारला, मी प्रत्येक वेळी तिच्या पायाकडं बघतोय. पेडल वरच. लोणीच्या बाहेर आलो आणि एक मोटारसायकलवाला शेतातनं सरळ सडकेवर आला. अलकानं तुझ्या सवयीनं पाय पार बुडापर्यंत हाणला. पुढचं सांगितलंच. गाडी जागेवर उभी, मी काचेवर, मेंढरं एकमेकांवर. मोटारसायकलवाला कधीच पुढं निघून गेला होता. पोर पांढरी पडली. उतरून एकेक मेंढरू बघितलं. एकाचाही पाय मोडला नव्हता.

पुन्हा निघालो. पुढच्या वळणाला तिनं ब्रेकला नुसता पाय टेकवला, सोडला, आणि मग दाबला. मागं एक मेंढरू ओरडलं नाही. मी म्हणालो, "आता पैल्या दाबात लागतोय की. दोनदा कशापाई?"

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "पैला मेंढरांना," म्हणाली.

मी खिडकीकडं तोंड केलं. तू माझ्यापासून झाकायला जे सांगितलं होतंस, ते तुझ्या पोरीनं खरं करून ठेवलं.

बाजारात गाडी लावली, तिनं हँडब्रेक ओढला आणि सीटखाली हात घातला. तुझा दगड. लिंबाखालनं तिनं तो उचलून आणला होता, मला माहीत नव्हतं. एक बाजू टायरनं घासून काळी झालेली. मी म्हणालो, आता नको लागत, उतरून ढकलून बघ. तिनं खांदा लावून ढकललं. गाडी हलली नाही. मग ती दगड हातात घेऊन तशीच उभी राहिली, टाकवेना आणि ठेववेना. मी म्हणालो, आण हिकडं, माझा हाय तो.

तो आता माझ्या टेबलावर आहे. पंख्यानं वहीची पानं उडतात, म्हणून त्यांच्यावर ठेवलाय. येत्या खंडेनवमीला अलका गाडी घेऊन येणार, तसं बजावून गेलीय. पोत्यावर पान्यांच्या शेजारी तोही मांडीन, त्याला हळद लावीन, आणि नारळ फोडताना तुला एक शिवी घालीन. मोठ्यानं, टपरीपर्यंत जाईल अशी. दोन वर्षांची साचलेली आहे. तेवढी ऐकून घे, हणमंता, आणि पुन्हा असंल म्हणून निघून जाऊ नकोस.